संस्थेसाठी पैसे गोळा करायचेत, सुरुवात कुठून करू?

निवडुंग | ४ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडे. मी चिंचवडला असते, आयटीत नोकरी. गावापासून जवळ एक छोटी संस्था आहे (नाव मुद्दाम लिहीत नाहीये, त्यांना विचारलेलं नाही अजून). आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांना ते ठेवून घेतात. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात त्या कारखाने बंद होईस्तोवर, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत परत येत नाहीत. पोरं बरोबर गेली की शाळा बुडाली, त्यात मोठी मुलगी असेल तर ती धाकट्याला घेऊन कोपीवर (तोडीच्या ठिकाणच्या झोपडीत) बसते, आणि एकदा दोन हंगाम असे गेले की पुन्हा शाळेत येणं अवघडच. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते त्यामुळे आईबापांना न जाऊन चालत नाही. तर ही संस्था चाळीसेक पोरांचं राहणं-जेवण बघते, पोरं शाळेला झेडपीच्याच शाळेत जातात.

मी दरवर्षी थोडेफार पैसे देते. परवा तिथल्या सरांना फोन केला तर बोलता बोलता म्हणाले की यंदा किराण्याचं गणित बसत नाहीये, हंगामाला दोन लाख कमी पडतील असं दिसतंय. मी म्हणाले बघते मी काहीतरी. आता बघते म्हणजे काय हे मलाच माहीत नाही.

ऑफिसमधली मैत्रीण म्हणते तुझा जीपे नंबर टाकून व्हॉट्सॅपवर मेसेज फिरव. एकजण म्हणतो क्राउडफंडिंगच्या साइटवर पेज कर. नवरा म्हणतो गाण्याचा कार्यक्रम ठेवू, तिकिटं विकू. ८०जी वगैरे काय असतं तेही नीट कळत नाही. आणि खरं सांगायचं तर मला पैसे मागायची प्रचंड लाज वाटते, भाजीवालीकडे कोथिंबीर फुकट मागत नाही मी. कोणी असं केलंय का आधी? पहिलं पाऊल काय?


शेंगदाणा | ४ ऑगस्ट, रात्री ११.१५

तुमचा जीपे नंबर अजिबात टाकू नका!! हे पहिलं.

आम्ही सोसायटीतल्या बायका एका वृद्धाश्रमासाठी बरीच वर्षं पैसे जमवतोय म्हणून सांगते. एकदा का पैसे तुमच्या खात्यात आले की ते तुमच्या पगारात, किराणा-बिलात मिसळले, मग कोणी किती दिले, कोणाची पावती राहिली हे रात्री बसून जुळवत बसा. आणि तुम्ही कितीही सरळ असा, सहा महिन्यांनी कोणीतरी लिफ्टमध्ये "मग, कुठवर आलं तुमचं ते फंडाचं" असं ज्या सुरात विचारतं ना, तो सूर ऐकायला नको. पैसे थेट संस्थेच्या खात्यात गेले पाहिजेत, संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड मागवून घ्या, स्कॅन केल्यावर ट्रस्टचंच नाव येतंय ना ते स्वतः एक रुपया पाठवून बघा.

तर पहिलं पाऊल म्हणजे सरांना परत फोन. त्यांना सांगा की मी लोकांकडे मागणार आहे, चालेल ना, आणि विश्वस्तांपैकी कोणाकडून तरी तसं दोन ओळींचं पत्र घ्या लेटरहेडवर. ट्रस्टचा रजिस्ट्रेशन नंबर, पॅन, ८०जीचं सर्टिफिकेट, मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट, एवढे कागद फोनमध्ये असू द्या. दहातला एकच जण विचारतो पण तो एकजण नेमका मोठी रक्कम देणारा असतो.

दुसरं, दोन लाख दोन लाख करू नका. दोन लाख म्हटलं की माणूस म्हणतो माझ्या पाचशेनं काय होणार. सरांना विचारा एका पोराचं महिन्याचं जेवण कितीला पडतं. तो आकडा घेऊन मागा.

आणि पोरांचे फोटो. चेहरे दिसतील असे टाकू नका, रडके तर मुळीच नको. ती पोरं उद्या मोठी होणार, त्यांच्या वर्गातल्या कोणाच्या तरी फोनवर तो फोटो जाणार. ताटांचा, दप्तरांचा, फळ्याचा फोटो पुरतो.


खातेवही | ५ ऑगस्ट, सकाळी ८.०५

ताई, ८०जी बद्दल. (धंदा तोच आहे माझा.)

संस्थेकडे ८०जी, म्हणजे आयकरातल्या देणगीच्या वजावटीची नोंदणी असेल तर देणाऱ्याला देणगीच्या साधारण ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा मिळते, तीही एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. लोकांना वाटतं दहा हजार दिले की दहा हजार टॅक्स वाचला. तसं नाहीये. दहा हजारातले पाच हजार उत्पन्नातून वजा, २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे वाचले हजारभर रुपये. आणि हे फक्त आयकराच्या जुन्या रेजीममध्ये (करपद्धतीत), नव्यामध्ये ८०जी मिळतच नाही. तुमच्या ऑफिसमधली बरीच मंडळी नव्यात गेली असणार, त्यामुळे मेसेजात "टॅक्स वाचवा" हे मोठ्या अक्षरात लिहून काही उपयोग नाही. एका ओळीत लिहा आणि पुढे जा.

रोख २००० च्या वर दिली तर ८०जी नाही, म्हणून यूपीआय किंवा चेकच बरा. देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन पैसे देतानाच घ्या. कारण संस्थेला वर्षाच्या शेवटी १०बीडी फॉर्म (देणगीदारांची माहिती आयकर खात्याला) भरावा लागतो, त्यातून १०बीई सर्टिफिकेट निघतं, आणि ते ३१ मे पर्यंत देणगीदाराला द्यायचं असतं. नुसत्या छापील पावतीवर आता वजावट मिळत नाही. मेमध्ये पन्नास लोकांना फोन करून पॅन मागायची वेळ येते तेव्हा कळतं, निम्मे उचलत नाहीत.

अजून एक, सरांना विचाराच. २०२१ मध्ये सगळ्या ट्रस्टना १२ए (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीची) आणि ८०जीची नोंदणी नव्याने करायला लागली होती, पाच वर्षांसाठी. ज्यांनी तेव्हा केली त्यांच्यातल्या बहुतेकांची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपतेय आणि नूतनीकरणाचा अर्ज सहा महिने आधी जायला हवा, म्हणजे याच सप्टेंबरअखेर. गावाकडच्या छोट्या संस्थांच्या हे डोक्यातच नसतं. तुम्ही एवढी आठवण जरी करून दिली तरी दोन लाखांइतकंच काम केलंत असं समजा.

आणि शेंगदाणा म्हणतात ते कायद्यानेही बरोबर आहे. महाराष्ट्रात धर्मादाय कामासाठी स्वतःच्या नावावर लोकांकडून वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस मध्ये येतं. गणपती मंडळं दरवर्षी ४१सी ची परवानगी काढतात ना, तेच कलम. नोंदणीकृत ट्रस्टच्या खात्यात, ट्रस्टच्या पावतीवर पैसे गेले की तुमच्या मागे ही भानगड नाही.


एक_शंका | ५ ऑगस्ट, सकाळी ९.३०

माफ करा पण कोणीतरी विचारायलाच पाहिजे. सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, साखर कारखाने आहेत, ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ आहे. मग चिंचवडच्या माणसाने किराणा का भरायचा? आपण भरत राहिलो की त्यांना करायची गरजच उरत नाही. आणि या संस्था खरंच चालतात का कोणी जाऊन बघतं का?


निवडुंग | ५ ऑगस्ट, दुपारी १.२०

@एक_शंका मी जाऊन बघते, गाव तिथेच आहे माझं. योजना आहे हे खरंय, काही शाळांमध्ये हंगामी वसतिगृहं चालतातही. पण इथे आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवरची पोरं येतात ज्यांच्याकडे ती सोय नाही, आणि सर म्हणतात की सरकारकडे मागणं चालूच आहे, पण टोळी गेली त्या दिवशी रात्री पोराला जेवायला लागतं. याच्यापुढे मला वाद घालता येणार नाही. पण तुमचा प्रश्न लोक मलाही विचारणार हे लक्षात आलं, त्यामुळे थँक्स खरंच.

@शेंगदाणा विचारलं. जेवण, तेल-साबण, वही-पेन सगळं धरून एका पोराचं महिन्याला १८०० पडतं म्हणाले. सहा महिन्यांचे १०,८००. म्हणजे एकोणीस पोरांचा हंगाम झाला की माझे दोन लाख होतात. हा आकडा एकदम कमी वाटायला लागला, गंमतच आहे.

@खातेवही सप्टेंबरचं त्यांना माहीतच नव्हतं!! लगेच त्यांच्या सीएला फोन लावला त्यांनी.


सदाशिव_तीस | ५ ऑगस्ट, सायं. ६.४५

लाज वाटते म्हणालात त्याबद्दल लिहितो, कारण बाकीचं सगळं वरच्यांनी लिहिलंच आहे.

कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी माहीत असेल. आमच्या लहानपणी दिवाळीत बायका पावतीपुस्तक घेऊन दारात यायच्या. ओळख ना पाळख, "भाऊबीज घाला" म्हणायच्या, आई डब्यातून काढून द्यायची, पावती घ्यायची, पुढच्या दिवाळीला त्याच बाई परत. लाज त्यांनाही वाटत असेलच पहिल्या दिवशी. पण त्या स्वतःसाठी मागत नव्हत्या, आणि देणाऱ्यालाही नेमकं माहीत असायचं की मुली शिकतायत हिंगण्याला, त्यांच्यासाठी आहे. अण्णासाहेब (महर्षी कर्वे) स्वतः सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठासाठी निधी मागत युरोप-अमेरिका आणि आफ्रिका फिरले. विद्यापीठाला ठाकरसींचे १५ लाख १९२० साली आले ते सगळे सांगतात, पण त्यांचा विधवांसाठीचा आश्रम १८९६ चा आहे हो. मधली चोवीस वर्षं चार-आठ आण्यांवरच गेली.

आता तुमच्यासाठी. ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं व्हायचं ही सुद्धा लाजच आहे, लपायची पद्धत. दोनशे लोकांच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे कोणालाच न मागणं. वही घ्या, जी माणसं तुमचा फोन उचलतात अशा तीसेक माणसांची नावं लिहा. प्रत्येकासमोर आकडा लिहा, याला किती मागायचे. आणि एकेकाला फोन करा. "जमेल तेवढं द्या" म्हणू नका, त्यात समोरच्याची पंचाईत होते, कमी दिलं तर वाईट दिसेल आणि जास्त दिलं तर खिसा. "एका पोराचा एक महिना घेशील का, अठराशे रुपये" असं विचारलं की त्याला हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं, अर्धा महिना म्हणता येतं.

आणि मागून झाल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. आपण घाबरून लगेच म्हणतो "नाही जमलं तरी चालेल हं", आणि तो बिचारा हो म्हणणार असतो तो नाही म्हणतो.

यादीतलं पहिलं नाव तुमचं स्वतःचं. तुम्ही किती दिले हे कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.


दमलेला_धावपटू | ५ ऑगस्ट, रात्री ९.५०

सदाशिवकाकांना हजार मोदक. फक्त एक भर घालतो, आयटीत आहात तर एचआरला विचारा की कर्मचाऱ्यांच्या देणगीवर कंपनी तेवढीच भर घालते का, बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मॅचिंग असतं आणि कोणी वापरत नाही. त्यासाठी संस्था त्यांच्या यादीत असावी लागते आणि ते कागद होईपर्यंत दिवाळी येईल त्यामुळे आत्ताच विचारा. सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीच्या) मागे यंदा लागू नका, त्याला सीएसआर-१ नोंदणी लागते आणि कंपन्या छोट्या किराण्याला सहसा हात घालत नाहीत, त्यांना बोर्ड लावता येईल असं काहीतरी हवं असतं.

मुंबई मॅरेथॉन पण एक रस्ता आहे, जानेवारीतला तिसरा रविवार, २००४ पासून चालू आहे आणि पळणारे लोक आपापल्या संस्थेसाठी पैसे जमवतात. मी केलंय. फायदा असा की मागायला निमित्त मिळतं, "मी एकवीस किलोमीटर पळतोय, तू किमान पैसे तरी दे" असं हसत हसत मागता येतं. पण तिथे संस्था युनायटेड वे मुंबईकडे (मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम तेच बघतात) नोंदलेली लागते आणि पोरांना जेवण नोव्हेंबरपासून लागणार. तुमच्यासाठी पुढच्या वर्षी. यंदा पाहिजे तर २ ते ८ ऑक्टोबर दान उत्सव असतो, बऱ्याच ऑफिसांत त्या आठवड्यात स्टॉल लावू देतात.


शेंगदाणा | ५ ऑगस्ट, रात्री १०.२०

गाण्याच्या कार्यक्रमावर कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. नको. हॉलचं भाडं, साउंड, कलाकारांचं मानधन (ओळखीचे असले तरी द्यावंच), बॅनर, चहा. तिकिटं शेवटी आपल्याच माणसांच्या गळ्यात मारायची, म्हणजे ज्याच्याकडून थेट अठराशे आले असते त्याच्याकडून तीनशेचं तिकीट. वर त्यातला निम्मा पैसा हॉलवाल्याला.


दमलेला_धावपटू | ५ ऑगस्ट, रात्री १०.३१

अर्धवट सहमत. नवीन माणसं कार्यक्रमानेच जोडली जातात, फोनने फक्त ओळखीचीच. पण पहिल्याच वर्षी, तेही दोन महिन्यांत, नकोच. नवऱ्याला गायचंच असेल तर सोसायटीच्या गणपतीत गाऊ दे, शेवटी माइक हातात असतानाच दोन मिनिटं संस्थेबद्दल बोलायचं आणि क्यूआर स्क्रीनवर. हॉल फुकट, प्रेक्षक फुकट 😄


टेम्सकाठी | ६ ऑगस्ट, पहाटे ३.१५

लंडनहून लिहितेय म्हणून वेळ अशी. बाहेरच्या नातेवाइकांकडे मागणार असाल तर जरा थांबा, संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्या घ्यायची सरकारी नोंदणी) आहे का बघा. छोट्या संस्थांकडे बहुतेक नसतं. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस, परदेशात राहत असला तरी, स्वतःच्या पैशातून देतो ते विदेशी देणगी धरत नाहीत, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने आलं की झालं. पण ज्याने इथलं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्डवाला, तो परकीय. मराठी बोलतो, गणपती बसवतो, तरी परकीय. त्याच्याकडून एफसीआरए नसलेल्या संस्थेने एक पौंडही घ्यायचा नाही, आणि ज्यांच्याकडे एफसीआरए आहे त्यांचे परदेशी पैसे सुद्धा फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात. २०२० नंतर एका संस्थेने विदेशी पैसा घेऊन दुसरीला देणंही बंद आहे, त्यामुळे "ओळखीच्या संस्थेमार्फत वळवू" असं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

आमच्या इथे गिफ्ट एडमुळे प्रत्येक पौंडावर सरकार २५ पेन्स घालतं, पण ते इथल्या चॅरिटीला दिलं तरच, पाटोद्याला नाही. तुमच्या यादीत अमेरिका-इंग्लंडवाले असतील तर नावासमोर पासपोर्ट लिहून ठेवा, विचित्र वाटेल पण लिहा.


निवडुंग | ८ ऑगस्ट, रात्री ९.०५

मंडळी, यादी केली. चौतीस नावं निघाली, त्यातली तीन परदेशातली, पैकी एक ओसीआय, त्याला वगळलं. पत्र आलं, क्यूआर आला, एक रुपया पाठवून बघितला, ट्रस्टचं नाव येतंय. स्वतःचे एका पोराच्या हंगामाचे भरले. काकांचं ऐकून सगळ्यात आधी मोठ्या भावाला फोन केला, मागून गप्प बसले, घड्याळ ऐकू येत होतं, मग तो म्हणाला "दोन पोरं लिही माझ्या नावावर". मी फोन ठेवून पाणी प्यायले.

क्राउडफंडिंगचं पेज सध्या नाही करत. बघितलं तर पेमेंटचे चार्जेस असतात, शिवाय देताना टिप म्हणून आपोआप रक्कम घातलेली दिसते, ती शून्य करता येते पण माझ्या मावशीला ते दिसणार नाही.

ज्यांना फोनच्या आधी मेसेज करायचाय त्यांच्यासाठी हे लिहिलंय, बघता का:

"नमस्कार, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या उज्ज्वल भविष्यासाठी झटणाऱ्या एका सेवाभावी संस्थेला आपल्या मदतीच्या हाताची नितांत गरज आहे. आपण दिलेला खारीचा वाटाही लाखमोलाचा ठरेल. कृपया सढळ हाताने मदत करावी व हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवावा."


शेंगदाणा | ८ ऑगस्ट, रात्री ९.४०

भाऊ भारी आहे तुमचा!

मेसेज बाद. हा मेसेज कोणीही कोणत्याही संस्थेसाठी पाठवू शकतो, यात तुम्ही कुठे आहात? आणि "जास्तीत जास्त लोकांपर्यंत" म्हटलं की तो पुढे ढकलतो आणि त्याला वाटतं आपली मदत झाली. असं करून बघा:

"काकू, आमच्या गावाजवळ एक वसतिगृह आहे, ऊसतोडीला गेलेल्यांची चाळीस पोरं तिथे राहून शाळा शिकतात. मी बघितलेलं आहे, दरवर्षी देते. यंदा किराण्याला पैसे कमी पडतायत. एका पोराचा महिना १८०० रुपयांत होतो. तू एक महिना घेशील का? उद्या संध्याकाळी फोन करते."

शेवटची ओळ महत्त्वाची. आणि मग खरंच उद्या संध्याकाळी फोन करायचा.


सदाशिव_तीस | ८ ऑगस्ट, रात्री १०.१०

उत्तम. एक राहिलं. पैसे आले की त्याच दिवशी स्वतः आभाराचा मेसेज करा, पावती संस्थेकडून येईल तेव्हा येईल. आणि जानेवारीत मधेच एकदा कळवा, काहीही न मागता. किती पोरं आली, काय चाललंय, कोणी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलंय का, तूरडाळ किती लागली, काहीही. लोकसत्ता गणपतीत दहा संस्थांची ओळख छापतं, "सर्वकार्येषु सर्वदा", त्यात बघा लोक मजकूर वाचून चेक पाठवतात, कारण काम नेमकं काय आहे ते तपशिलात लिहिलेलं असतं. पुढच्या ऑगस्टमध्ये तुम्ही फोन कराल तेव्हा याच जानेवारीच्या मेसेजवर हो-नाही ठरणार आहे.


एक_शंका | ८ ऑगस्ट, रात्री ११.०२

माझा मुद्दा मी सोडलेला नाही, महामंडळाला माहिती अधिकारात विचारतोच आहे, तालुक्यात किती वसतिगृहं मंजूर आणि किती चालू. उत्तर आलं की इथे टाकतो. तोपर्यंत एका पोराचे सहा महिने माझ्याकडून, संस्थेचं नाव आणि क्यूआर व्यनि (खासगी निरोप) करा. ऑडिट रिपोर्टही पाठवा, वाचणार आहे.


खातेवही | ९ ऑगस्ट, सकाळी ७.५०

@एक_शंका पॅन द्यायला विसरू नका 😄

@निवडुंग उरलेले फोन महिन्याच्या शेवटी करू नका, १ तारखेनंतर करा, पगार झाल्यावर. गणपती २७ ऑगस्टला आहेत, त्या आधीच्या आठवड्यात सगळे वर्गणीने वैतागलेले असतात. सप्टेंबरचा पहिला आठवडा बरा, विसर्जनही ६ तारखेला उरकतंय.